जुन्या संगणकासाठी हलकी लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. पण घरात मुलांच्या अभ्यासासाठी हौसेनं घेतलेला संगणक तेवढ्यासाठी भंगारात घालू नका.

विंडोजऐवजी लिनक्स ही यंत्रणा त्यावर चालवता येते. आधी रॅम पाहा. चार जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. विंडोजची सवय असलेल्याला ती लवकर जमते. दोनच जीबी असेल तर लुबुंटू बरी. यंत्र ३२ बिटचं असेल तर या दोन्हींच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत, तिथे अँटिएक्स २३ घ्या. यंत्रणा हलकी असली तरी ब्राउझर जडच असतो, म्हणून टॅब मोजकेच उघडा.

निवडलेली यंत्रणा पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का? हार्ड डिस्क तशीच राहते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा: ‘क’ इंग्रजी ‘के’च्याच कळीवर सापडतो, ‘त’ मात्र ‘एल’वर.

आणि कायमची बसवण्याआधी घरचे फोटो, उतारे, दाखले दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. बसवण्याची घाई मुळीच करू नका.