वर्गणी बायकांची, निर्णय कुणाचा?
(महासंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



मागच्या सभेत एक ताई म्हणाल्या, "पूरग्रस्तांसाठी आपण दारोदार फिरलो, पण पैसे कशाला लावायचे हे आपल्याला कुणी विचारलंच नाही." तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली.

१७८० साल. अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चाललेलं. सैनिकांच्या अंगावर धड कपडे नव्हते. फिलाडेल्फिया शहरात एस्थर रीड नावाची बाई नुकतीच बाळंत झालेली. तिने जूनमध्ये पत्रक काढलं, बायका जमवल्या. शहराचे भाग वाटून घेतले आणि घरोघरी वर्गणी सुरू केली.

लोकांनी नाकं मुरडली. पण सोळाशेहून जास्त जणांनी पैसे दिले. एका बड्या फ्रेंच घरातून शंभर गिनी आल्या. फिलिस नावाच्या कृष्णवर्णीय बाईने साडेसात शिलिंग दिले. नाव दोघींचंही एकाच यादीत. कागदी चलनात तीन लाखांवर डॉलर जमले. पण नोटांची किंमत इतकी पडलेली, की नाण्यांत ते साडेसात हजारांच्या आसपासच भरले.

एस्थरबाईंना प्रत्येक सैनिकाच्या हातात दोन डॉलर रोख द्यायचे होते. कपडे देणं सरकारचं कामच आहे, ही बायकांची वेगळी भेट असावी, असं त्यांचं म्हणणं. सेनापती वॉशिंग्टन म्हणाले, रोख दारूत जाईल, शर्ट द्या. बाईंनी पत्रं लिहून आपली बाजू मांडली, पण शेवटी शर्टच ठरले. सप्टेंबरात एस्थरबाई वारल्या. वय अवघं तेहतीस.

काम मात्र थांबलं नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांची मुलगी सारा आणि इतर बायका पुढे झाल्या. कापड विकत घेतलं, शिलाईचा खर्च वाचावा म्हणून स्वतः बेतलं, स्वतः शिवलं. २,२०० शर्ट झाले. आणि प्रत्येक शर्टावर शिवणारीचं नाव!

मनासारखं झालं नाही, तरी त्यांनी आपलं नाव पुसू दिलं नाही.

म्हणून सांगते, पुढच्या वेळी डबा फिरवण्याआधी बैठकीत ठराव लिहा: पैसे कशाला, कुणाच्या हातून, हिशोब कोण ठेवणार. दहा रुपये देणारीचंही नाव वहीत घ्या. आणि अध्यक्ष आजारी पडली तर पुढे कोण, तेही ठरवा.