गाईच्या पोटातील बिऱ्हाड



गाय चारा खाते खरी, पण तो पचवणारे निराळेच. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्म जंतूंचे बिऱ्हाड असते. ते भुसा आंबवून त्याची आम्ले करतात. त्या आम्लांवर गाय जगते. पुढे आतड्यात उतरून ते स्वतःही पचतात, आणि तेच तिचे मुख्य प्रथिन. तेव्हा गव्हाणीत काही नवे घालायचे तर ते या बिऱ्हाडकरूंना मानवेल काय, हे आधी पाहावे.

युरियाच घ्या. आपण त्याला खत म्हणतो. जंतू त्यातल्या नत्रापासून प्रथिन बनवतात. १०० किलो गव्हाच्या भुशाला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवतात. भुसा मऊ व सकस होतो. (रवंथ न करणाऱ्या लहान वासरांना मात्र हा देऊ नये.) आपल्या माळव्यात याला एक जोखीम आहे, ती सोयाबीनची. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे द्रव्य असते; त्यामुळे युरियाचा भराभर अमोनिया होतो. जंतूंना तो वापरायला सवड मिळत नाही, तो रक्तात भिनतो, आणि धडधाकट जनावर काही तासांत दगावते. कच्चे सोयाबीन आणि युरिया एकत्र कधीही देऊ नये.

आता पंगतीविषयी; आज तर पंगती उठायच्याच आहेत! उरलेला भात, पुऱ्या, बुंदी घमेलेभर गाईपुढे ओतणे आपण पुण्य समजतो. पिष्ट नि साखर एकदम पडली की आम्ल करणारे जंतू माजतात, चारा पचवणारे मरतात, रवंथ थांबते आणि कित्येकदा गाय आडवी होते. नैवेद्याचा घास पुरे.

कोंबड्यांची गोष्ट याहून गंभीर. थोडथोडे प्रतिजैविक खाद्यात मिसळले की पिले लवकर वाढतात, हे १९४०च्या दशकाअखेर अमेरिकेत दिसले आणि ती रीत जगभर पसरली. पण रोजच्या अल्प मात्रेने जंतू मरत नाहीत सगळे. जे उरतात ते निर्ढावतात. कोलिस्टिन हे माणसाला अगदी अखेरीस द्यायचे औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातो, असे २०१५ साली चीनमध्ये आढळले. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात त्याला बंदी केली. खाद्याचे पोते घेताना त्यावरची घटकांची चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी नसेल तर पोते दुकानातच राहू द्यावे.