आतड्याचे अस्तर आणि आपला आहार



नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सर्वप्रथम गाठलेले गाव ते हेच. १९९४ च्या ‘मणिबेली जाहीरनाम्या’ने त्याचे नाव जागतिक बँकेपर्यंत पोहोचले. आजचा विषय मात्र धरणाचा नसून तेथील ताटाचा आहे. ज्वारी-मक्याची भाकरी, मोर-बंटीसारखी भरडधान्ये, तूर, उडीद, आंबाडीची भाजी हा सातपुड्याचा जुना आहार. बाजार त्याला गरिबाचे अन्न म्हणतो. शरीरशास्त्र तसे म्हणत नाही.

आतड्याच्या आतील बाजूस पेशींचा अवघा एक थर असतो. त्यातून अन्नरस आत जावा, जंतू मात्र बाहेरच राहावेत, अशी निसर्गाची योजना आहे. त्यासाठी पेशी एकमेकींशी घट्ट विणलेल्या असतात, वर चिकट श्लेष्माचा लेप असतो, आणि दर तीन ते पाच दिवसांनी हे अस्तर नव्याने घडते. मोठ्या आतड्यात या कामाचे इंधन जिवाणू पुरवितात. धान्य-कडधान्यांचा जो चोथा मनुष्यास पचत नाही, तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल निर्माण करतात. तेथील पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. कांदा-लसणातही असे चोथ्याचे अंश विपुल असतात, हे खरे. परंतु ते वर्ज्य असलेल्या घरांनी चिंता करू नये, कडधान्ये ती उणीव भरून काढतात.

चोथा मिळालाच नाही तर? महेश देसाई, एरिक मार्टेन्स व सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘सेल’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले. चोथारहित आहारावरील उंदरांच्या आतड्यातील जिवाणू श्लेष्माचा लेपच खाऊ लागले आणि रोगजंतूंना वाट मोकळी झाली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ. येथे तर वासेच खाल्ले गेले! प्रयोग मुक्या जिवांवर झाला, ही खंत उरतेच.

मग असा आहार असलेल्या सातपुड्यात बालकांचे कुपोषण का? पोटभर मिळत नाही, हे पहिले कारण. दुसरे डोळ्यांना दिसत नाही. दूषित पाण्यातून वारंवार जंतू पोटात गेले, की लहान आतड्यातील बोटांसारखे बारीक उंचवटे खुरटतात, अस्तराची वीण सैल होते आणि दिलेला घासही अंगी लागत नाही. अशा बालकाला केवळ अधिक अन्न पुरत नाही.

ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील १२ ते १८ महिन्यांच्या कुपोषित बालकांना तीन महिने हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन व कच्ची केळी यांचे मिश्रण देण्यात आले. जेफ्री गॉर्डन व तहमीद अहमद यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, प्रचलित तयार आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही या मिश्रणाने वजन अधिक वेगाने वाढले, कारण ते आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना पोसते. कच्ची केळी तर जैन स्वयंपाकघराला बटाट्याच्या जागी चिरपरिचित. या चौघांपैकी एकही जिन्नस नंदुरबारच्या बाजारात दुर्मीळ नाही. तरीही डोंगरात वाटपासाठी निघणाऱ्या गाड्यांत अद्याप मैद्याच्या बिस्किटांचीच खोकी अधिक असतात.