बिल अडलं, तर निवाडा कोणी करायचा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं मलेशियात होतात, तिथलं काहीतरी सांगा. पण दहा मिनिटांत." तिथले जुळे मनोरे तुम्ही फोटोत पाहिलेच आहेत. मी बोलणार आहे बिलांबद्दल. कंटाळू नका, शेवटी विषय आपल्याच गच्चीवर येणार आहे.

क्वालालंपूरमध्ये माझं काम म्हणजे बांधकामाची मोजमापं घेणं आणि बिलं तपासणं. तिथेही रड तीच. मालक मुख्य कंत्राटदाराचं बिल अडवतो, तो पोटकंत्राटदाराला म्हणतो, "वरून आले की देतो," आणि तेच वाक्य घरंगळत गवंडी-बिगाऱ्यापर्यंत जातं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत छोटा माणूस धंद्यातून उठलेला असतो.

यावर ब्रिटनने १९९६ साली कायदा केला. बिलाचा वाद एका त्रयस्थ जाणकाराकडे न्यायचा आणि त्याने साधारण २८ दिवसांत निर्णय द्यायचा. मलेशियाचा कायदा २०१२ चा, लागू झाला १५ एप्रिल २०१४ पासून. तिथे दोन्ही बाजूंचे कागद आले की निर्णयाला ४५ कामाचे दिवस. तत्त्व सोपं आहे. निर्णय झाला की आधी पैसे द्या. पटत नसेल तर कोर्टात किंवा लवादापुढे भांडत बसा. आणि "वरून आले की देतो" ही अट त्या कायद्याने रद्दच केली.

निर्णय देणाऱ्याला म्हणतात अ‍ॅडज्युडिकेटर. तो कुणीही उठून होत नाही. किमान सात वर्षांचा कामाचा अनुभव हवा, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं, दिवाळखोरी नको, गुन्ह्यात शिक्षा झालेली नको. मुदतीत निर्णय दिला नाही, तर निर्णय रद्द आणि फीसुद्धा नाही! आपल्याकडच्या किती मीटिंगांना हा नियम लावता येईल बघा.

मीही त्या प्रशिक्षणाला बसलो. वर्गात वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर अशी खिचडी होती. वकिलांना मोजमापाचे तक्ते वाचता येईनात आणि आम्हा इंजिनिअरांना दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेता येईना. सरावासाठी एका खोट्या वादाचा निर्णय लिहायचा होता. माझा हिशेब शेवटच्या रिंगिटपर्यंत बरोबर. तरी शिक्षकांनी वही परत दिली. प्लास्टरला तडे होते, म्हणून मी माझ्या अनुभवातल्या दराने रक्कम कापली होती. ते म्हणाले, "दर तुम्हाला माहीत आहे, मान्य. पण कापण्याआधी त्या दोघांना विचारलंत का?" तीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाला हे ऐकायला जड गेलं.

तीन गोष्टी मी तिथून घेऊन आलो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही. वादाची रक्कम आणि बिनवादाची रक्कम वेगळी करायची. आणि जिथे आपला स्वतःचा संबंध आहे, तिथे निवाडा करायला बसायचं नाही.

आता गच्चीवर येऊ. मी परत आलो आणि तुम्ही मला कमिटीत तांत्रिक सदस्य केलंत. मोठी दुरुस्ती झाली, पहिल्याच पावसात सी विंगची गच्ची गळली. सर्वसाधारण सभेत काय आरडाओरडा झाला ते जुन्यांना आठवत असेल. त्या सभेत "पूर्ण फायनल बिल थांबवा" असं सांगणारा मी होतो. कंत्राटदार म्हणत होता, "साहेब, गच्चीचे पैसे ठेवा, बाकीचे तरी द्या, माणसांची मजुरी द्यायची आहे." बाकीच्या कामाबद्दल आपली काहीच तक्रार नव्हती. तरी आपण त्याला चौदा महिने फिरवलं. धनत्रयोदशीला त्याचा मुकादम दिवसभर आपल्या वॉचमनच्या स्टुलावर बसून होता. मी दोनदा त्याच्यासमोरून गेलो, पण बोललो नाही.

पुढे बाहेरच्या इंजिनिअरने गच्ची तपासली. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आपल्यापैकीच काहींनी डिश आणि सोलरचे स्टँड बसवायला त्यात भोकं पाडली होती. गळती मुख्यतः तिथून होती. मग बिल दिलं. तोवर त्या माणसाने व्याजाने पैसे काढून मजुरी चुकती केली होती. ते व्याज आपण दिलं नाही.

आणि एक. माझा फ्लॅट सी विंगमध्ये, त्याच गच्चीखाली. ओल माझ्याच बेडरूममध्ये आली होती. म्हणजे शिकून आलेल्या तिन्ही गोष्टी मी एका सभेत मोडल्या. त्या दिवशी कुणी मला विचारलं नाही, "काका, यात तुमचा संबंध नाही का?" विचारायला हवं होतं.

भारतात असा कायदा नाही. पण आपल्या करारात आपण तशी कलमं घालू शकतो. पुढच्या वर्षी लिफ्ट बदलायच्या आहेत, बाहेरून रंग द्यायचा आहे. माझी विनंती एवढीच, की काम सुरू होण्याआधी दोघांच्या संमतीने बाहेरच्या एका अनुभवी इंजिनिअरचं नाव करारात लिहा. वाद झाला तर त्याने दोन्ही बाजू ऐकून २८ दिवसांत निर्णय द्यावा, फी निम्मी-निम्मी. आणि ज्या रकमेवर वाद नाही, ती वेळेवर द्या. करार करताना चांगला वकील बघून घेईल, ते अवघड नाही.

पंचवीस वर्षं आपण ज्या भिंतींत राहिलो त्या कुणीतरी बांधल्या, कुणीतरी दुरुस्त केल्या. यापुढे सणाच्या दिवशी आपल्या गेटवर कुणी आपल्या हक्काच्या पैशासाठी बसून राहू नये, एवढं जरी जमलं तरी रौप्यमहोत्सव साजरा झाला असं मी म्हणेन.

दहा मिनिटं झाली. नाटक सुरू करा.