सागरी संग्रहालये आणि संशोधन अधिछात्रवृत्ती



सागरी संग्रहालय म्हटले की नांगर, तोफा आणि जहाजांच्या प्रतिकृती डोळ्यांसमोर येतात. परंतु अशा संस्थेचे खरे वैभव पुष्कळदा तिच्या दप्तरखान्यात असते. तेथील कागदपत्रे अभ्यासकाला वाचता यावीत आणि त्या काळात त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, या व्यवस्थेस संशोधन अधिछात्रवृत्ती अर्थात फेलोशिप म्हणतात. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी दिली जाते. अधिछात्रवृत्ती स्वतंत्र संशोधनासाठी.

लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालय हे याचे ठळक उदाहरण होय. ब्रिटिश संसदेच्या १९३४ च्या कायद्यान्वये ते स्थापन झाले व १९३७ मध्ये जनतेसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीस जहाजमालक सर जेम्स केअर्ड यांनी मोठे अर्थसाहाय्य केले. तेथील ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि त्यांच्या नावाने अधिछात्रवृत्त्याही दिल्या गेल्या आहेत. अशा अधिछात्रवृत्तीसाठी अर्जदाराने आपला प्रश्न कोणता आणि त्याच्या उत्तरासाठी याच संग्रहातील कोणती साधने आवश्यक आहेत, हे प्रस्तावात स्पष्ट करावयाचे असते.

या संग्रहाशी भारताचा निकटचा संबंध आहे. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार भारतीय खलाशी काम करीत होते. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. डेकवर कोकण व गुजरातचे, इंजिनाच्या भट्ट्यांपाशी सिल्हेट व पंजाबचे, तर खानपानसेवेत गोव्याचे लोक असत. त्यांचा मुखिया तो सारंग आणि सारंगाच्या हाताखालचा तांडेल. त्यांना मिळणारे वेतन युरोपीय खलाशांच्या सुमारे एक तृतीयांश, कित्येकदा त्याहूनही कमी असे.

हा इतिहास सांगणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे जहाजांच्या खलाशी-याद्या. नाव, वय, जन्मस्थान, हुद्दा, आधीचे जहाज अशा नोंदी त्यांत असतात. हे कागद फार साठले, तेव्हा त्यांची वाटणी करण्यात आली. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १० टक्के नमुना ठेवला. ग्रीनिचने १८६१, १८६२ आणि त्यानंतरच्या, ५ या अंकाने संपणाऱ्या बहुतेक वर्षांच्या याद्या घेतल्या. १८६३ ते १९३८ या काळातील सुमारे ७० टक्के याद्या कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाने स्वीकारल्या, म्हणूनच त्या नष्ट होण्यापासून वाचल्या.

परिणामी एकाच जहाजाचा इतिहास आज अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेला आहे. ग्रीनिचकडील १९१५ च्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून संगणकावर उपलब्ध केल्या आहेत. परंतु लस्करांचे करार अनेकदा भारतीय बंदरांत स्वतंत्र कागदांवर होत असल्याने पुष्कळ याद्यांत त्यांची नावेच आढळत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी जहाज कंपन्यांची दप्तरे, बंदरांचे अहवाल आणि भारतातील अभिलेख ताडून पाहावे लागतात. ग्रीनिच येथे ठेवलेले पी अँड ओ कंपनीचे दप्तर या दृष्टीने मोलाचे आहे. असे काम महिनोन्‌महिने चालते. साधनांअभावी अभ्यासक तेथवर पोहोचला नाही, तर रत्नागिरीच्या खलाशाचे नाव कागदात असूनही अज्ञातच राहते.

भारतासाठी यातील बोध स्पष्ट आहे. गुजरातमधील लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभारले जात असून त्याच्या विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. मुंबई आणि पणजी येथील अभिलेखागारांत सागरी व्यापाराची विपुल साधने आहेत. भव्य दालनांबरोबरच संशोधकाला बसावयास मेज, वाचावयास दप्तर आणि निर्वाहास अधिछात्रवृत्ती मिळाली, तरच असे संकुल ज्ञानकेंद्र ठरेल. मोडी, पोर्तुगीज, फारसी वा गुजराती यांपैकी एखादी लिपी वा भाषा आजच आत्मसात करणारा विद्यार्थी उद्या या कामास खऱ्या अर्थाने पात्र ठरेल.