तरवडाची साल आणि उन्हातील त्वचा



दख्खनच्या माळरानावर पिवळ्याधमक फुलांनी बहरणारा तरवड तमिळनाडूत ‘आवारम’ या नावाने ओळखला जातो. जुन्या मद्रास इलाख्यात त्याच्या सालीने कातडी कमावीत, आणि घरोघरी त्याची फुले वाळवून, दळून अंगाला लावीत. एकाच झुडपाने मेलेल्या कातड्याची राखण करावी आणि जिवंत त्वचेचीही, हे कुतूहलजनक खरेच. सालीतील टॅनिने कातड्यातील कोलॅजेनचे तंतू घट्ट बांधून ठेवतात, म्हणून चामडे कुजत नाही. 1948 साली चेन्नईच्या अड्यार भागात स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था हे या विद्येचे आधुनिक पीठ होय.

टॅनिने ही पॉलिफेनॉल वर्गातील द्रव्ये. त्याच वर्गातील फ्लॅवोनॉइड वनस्पती आपल्या पानांच्या वरच्या थरात साठवतात. झाडाला सावलीत जाऊन बसता येत नाही. अतिनील किरण अडवण्याची सोय त्याला स्वतःच करावी लागते. ती सोय माणसाच्या पेशीला उसनी देता येईल काय, हा संशोधकांपुढील प्रश्न.

चेन्नईत हा प्रश्न पुस्तकी नाही. 13 अंश उत्तर अक्षांशावरील या शहरात सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑगस्टमध्ये, थेट डोक्यावर येतो. ‘यूव्ही-बी’ किरणांमुळे पेशीच्या डीएनएतील शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. ‘यूव्ही-ए’ अधिक खोल जाऊन ऑक्सिजनची उपद्रवी रूपे निर्माण करतात. प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी बशीत वाढवतात, काहींना अर्क देतात, काहींना देत नाहीत, दोहोंवर सारखेच किरण सोडतात आणि किती पेशी जगल्या ते मोजतात. अर्काच्या बशीत अधिक जगल्या, की बातमी होते: वनस्पतीने उन्हावर मात केली!

इथे सावध व्हावे. बशीतील पेशी अर्कात बुडालेली असते. माणसाच्या अंगावर मृत पेशींचा थर आडवा येतो आणि चेन्नईचा घाम उरलेसुरले धुऊन नेतो. हळदीतील कर्क्युमिन तर प्रकाशातच विघटन पावते. बावचीची कथा त्याहून बोलकी. कोडावर आयुर्वेदात तिचा लेप लावून ऊन घेण्यास सांगतात. तिच्यातील सोरालेन त्वचेला अतिनील किरणांबाबत अधिकच हळवी करते. बेताने वापरले तर उपचार, बेसुमार वापरले तर फोड. ‘वनस्पतीचे, म्हणून निर्धोक’ म्हणणाऱ्याला बावची एकटी पुरेशी आहे.

अर्काची खरी परीक्षा पुढे, स्वयंसेवकांच्या पाठीवर होते. दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम मलम लावून किरण सोडतात आणि लेप नसलेल्या त्वचेपेक्षा लाली यायला कितीपट किरण लागले, ते पाहतात. तोच मलमाच्या डबीवरील ‘एसपीएफ’चा आकडा. बाजारातील बहुतेक मलमांत किरण अडवण्याचे मुख्य काम आजही झिंक ऑक्साइडसारखी खनिजे किंवा कृत्रिम रसायनेच करतात. डबीवर पानाफुलांचे चित्र असले तरी अर्क सोबतीलाच असतो.