शाळवाचं रान विकताना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, या भाषणासाठी मला विषय सुचवला होता ‘माझी माती, माझी कविता’. मातीवर मी कविता लिहिल्या आहेत, ते नाकारत नाही. पण ज्या मातीवर लिहिल्या तिच्यातलाच एक तुकडा दोन वर्षांपूर्वी आम्ही विकला. तेव्हा कवितेचं राहू द्या. आज मी जमीन विकण्याबद्दल बोलतो.

आमचं रान इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या रस्त्याकडेला. चार एकर दहा गुंठे, जिरायत. गावात आम्ही मुलाणी. माझे आजोबा, आम्ही त्यांना बडेअब्बा म्हणायचो, गावकीचं काम करायचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचे. बलुतं म्हणजे ज्वारी. आयुष्यभर दुसऱ्याच्या खळ्यावरची ज्वारी पोत्यात भरून आणलेल्या माणसाला स्वतःचं खळं हवं असणं साहजिक होतं. १९५४ साली त्यांनी हे रान घेतलं. विकणाऱ्याची पोरं मुंबईला गिरणीत लागली होती.

घेताना त्यांनी काय पाहिलं, हे वडील आम्हांला पुन्हापुन्हा सांगत. आधी रानात चार ठिकाणी पहारीनं खड्डे घेतले आणि मुरूम किती खाली लागतो ते बघितलं. मग गावात फिरून तीन वर्षांत शाळू किती पोती झाला याची चौकशी केली. कडबा केवढा वाढतो तेही विचारलं. मग इसार दिला.

आमच्या घरात दखनी बोलतात, रानात मराठी. बांध, तास, पाभर, सुगी, हुरडा हे शब्द मला मराठीतच भेटले. मराठीत का लिहिता, असं सभांमधून अजूनही विचारतात. त्याचं माझं उत्तर एवढंच आहे.

आता २०२२ मध्ये या. पाटसहून बारामती, इंदापूर करत अकलूजकडं जाणाऱ्या पालखी महामार्गाचं काम सुरू झालं होतं. आमच्या भागात रोज नवी गाडी थांबायची. एक एजंट पुण्याची पार्टी घेऊन आला. त्यानं विचारलं, रस्त्याला फ्रंट किती फूट? लाईट किती अंतरावर आहे? सातबारा क्लिअर आहे ना? नावं किती? मी मनात मोजत होतो. बारा-तेरा प्रश्न झाले, त्यात एकदाही ‘इथं पिकतं काय’ हा प्रश्न आला नाही. गाडीतले गृहस्थ भले होते. ते म्हणाले, “काका, मला कृषी पर्यटन करायचंय. दोन गुंठे ज्वारी ठेवणारच आहे मी. हुरड्यासाठी.”

दोन गुंठे! गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. कॅनडातल्या गव्हाच्या मैदानात जमीन एकशे साठ एकरांच्या चौकोनांनी मोजून ठेवलेली आहे आणि खरेदी-विक्रीही त्याच मापानं होते, असं वाचलं होतं. आपल्याकडं माप कोणतं लावलं यावरूनच गिऱ्हाईक ओळखता येतं. एकराचा भाव विचारणारा बहुधा कसणारा असतो, गुंठ्याचा विचारणारा रस्त्यासाठी आलेला.

धान्यावरून जमिनीची किंमत ठरवणं ही काही बडेअब्बांची एकट्याची खोड नव्हती. हे शास्त्र आमच्या इंदापुरातच घडलंय. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे भागात सारा बसवला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं निव्वळ उत्पन्न काढायचं एक मोठं पुस्तकी गणित मांडलं. आकारणी भारी झाली, त्यात धान्याचे भाव पडले. माणसं रानं टाकून निजामाच्या मुलखात गेली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंदापूर तालुक्यात आले आणि मोजणी नव्यानं सुरू झाली. माती किती खोल, रंग काळा की तांबूस, चुनखडी किती, उतार किती, हे रानोरान बघायचं आणि त्यावरून प्रतवारी लावायची. पावणेदोन हात खोल काळी माती असली तर सोळा आणे. पुढं खोली कमी होईल तसे आणे कमी. १८४७ च्या अहवालात ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात पसरली. तुमच्या सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून एक रकाना असतो. त्यात रुपये-पैसे अशी गमतीशीर छोटी रक्कम असते, चहाही येणार नाही एवढी. तिची वंशावळ शोधत गेलात तर इंदापूरच्या रानात पहार घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचाल.

जमिनीला अशी किंमत आली, ती नावावर लागली, तेव्हा ती गहाणही टाकता यायला लागली. हा पुढचा भाग मात्र बारामतीकडचा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्या वेळी सुपे भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात आहे. शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळी असतात. मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे बाहेर काढायचे आणि जाळायचे. अनेक ठिकाणी कागद हातात दिले की सावकाराला सोडून देत. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पण आपण जिथं अंगठा किंवा नांगराची निशाणी केली, त्या कागदात आपलं रान गेलंय, हे कळत होतं. पुढं १८७९ चा कायदा आला. नुसता कागद प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळाशी जाण्याची मुभा त्यानं कोर्टाला दिली.

मधली दीडशे वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती तुम्हांला माहीत आहेत. नीरेचा डावा कालवा १८८५ ला झाला. कालव्याखालच्या रानाचं आणि वरच्या रानाचं नशीब एका चारीनं वेगळं केलं. सासवडचे माळी खंडानं जमिनी घेऊन उसात उतरले. १९३० नंतर कळंबच्या माळावर वालचंदनगर उभं राहिलं. कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल धारणा कायद्यात आल्या, १९६३ ला स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडं गेल्या, आणि खंडकऱ्यांना त्या परत मिळायला २०१२ साल उजाडलं. खंडानं देणारा आजा, आणि परत घेणारा नातू! उजनीच्या पाण्यात भीमाकाठचं काळं रान गेलं. जुन्या पळसदेवचं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. लोक फोटो काढायला जातात. तिथली माणसं मात्र मंदिराकडं कमी बघतात आणि आपलं रान कुठं होतं ते बोटानं दाखवतात.

आता माझ्या घरचं. इथून पुढं बोलायला मला जरा जड जाणार आहे.

वडील २००३ मध्ये गेले. आई आधीच गेली होती. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. आपा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, बारामतीच्या जिरायत पट्ट्यातल्या एका गावात दिलेली. शरीयतप्रमाणं बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा, म्हणजे पाचातला एक. एकशे सत्तर गुंठ्यांत चौतीस गुंठे तिचे. वारसाची नोंद झाली, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. सहा महिन्यांनी आम्ही तिला इंदापूरला बोलावलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली.

ही काही आमची खास रीत नव्हे. शेजारच्या वाड्या-वस्त्यांवर मराठा, माळी, धनगर, सगळीकडं हेच चालतं. कायदे वेगळे, रीत एक. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. त्या वेळी मी बी.ए. होऊन एका छापखान्यात प्रुफं वाचत होतो. त्या मोहिमेवर मी मोठ्या उमाळ्यानं कविता लिहिली होती. तेरा वर्षांनी मीच आपासमोर कागद सरकवला. “इथं, आणि मागच्या पानावर,” असं म्हणालो. प्रुफं वाचून जन्म गेलेला माणूस. पण तो कागद मी तिला वाचून दाखवला नाही. तिनं विचारलं नाही. सही केली, रसाचा अर्धा ग्लास प्यायली आणि एवढंच म्हणाली, “सालाला एक पोतं शाळू देत जा. आपल्या रानातला.”

आम्ही तीन वर्षं दिला. चौथ्या वर्षी पाऊस नव्हता. पाचव्या वर्षी पीक आलं, पण पोतं पोचवायला कुणाला वेळ झाला नाही. मग ते राहूनच गेलं.

२०२२ ला व्यवहार ठरला तेव्हा रस्त्याकडेची एक एकर दहा गुंठे द्यायची असं ठरलं. पन्नास गुंठे, दोघा भावांत पंचवीस-पंचवीस. खरेदीखताआधी कच्चा मसुदा वाचायला माझ्याकडं आला. गट नंबर, चतुःसीमा, पोटखराबा सगळं तपासलं. शेवटी एक वाक्य होतं, सदर मिळकतीत आमच्याखेरीज अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध नाही. असं वाक्य प्रत्येक खरेदीखतात असतं. पण त्या रात्री मला ते ओलांडता येईना. कागद खरा होता. रजिस्टर झालेला होता. सुप्याच्या सावकारांचे कागदही खरेच होते.

मी भावाला म्हणालो, आपाचे दहा गुंठे निघतात. तो म्हणाला, “भाई, आपानं सही केलीय. एकोणीस वर्षं झाली.” त्याची बाजूही मला सांगितली पाहिजे. मी शाळेत लिपिक, बारामतीत पगारावर. राबला तो. दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. त्याचं कर्ज त्याच्या डोक्यावर. लाकडी-निंबोडी उपसा योजनेला २०२२ मध्येच मंजुरी मिळाली, पण पाण्याच्या भरवशावर थांबायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. मुलगी इंजिनिअरिंगला. कविता मी लिहिल्या आणि रान त्यानं सांभाळलं. मग कुणाला काय बोलणार? तो माझ्याशी भांडला नाही. फक्त म्हणाला, “तुला द्यायचेत तर तुझ्यातले दे.”

तसं केलं. माझ्या पंचवीसातले दहा गुंठ्यांचे पैसे आपाच्या खात्यावर भरले आणि पावती घेऊन तिच्या घरी गेलो. वाटेत मनात एक चित्र होतं. लेखकांच्या मनात असतंच. ती रडेल, नको म्हणेल, मी आग्रह करीन. असं काही झालं नाही. आपानं चष्मा मागवला. आकडा दोनदा वाचला. गुंठ्याला काय भाव आला ते विचारलं, दहानं गुणलं आणि बरोबर आहे म्हणाली. मग पावती घडी करून डब्यात ठेवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चहा पिताना म्हणाली, “सही केली तेव्हा मला कळत होतं काय करतेय. नाही म्हटलं असतं तर ईदला तुमच्या दारात यायची सोय राहिली नसती. माहेर हवं होतं मला.”

मी गप्प बसलो.

“आणि राहिलेले?” तिनं विचारलं. राहिलेल्या तीन एकरांत तिचे चोवीस गुंठे निघतात, हे तिनं मनातल्या मनात आधीच काढलं होतं. कागदावर तिचं आता काहीच नाही. नाव परत लावायचं तर भावाचीही सही लागते, त्याचं मन अजून तयार नाही. ते मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, “बघू. तोवर पोतं चालू कर. सोळा पोती मागची आहेत, ती सोडली.”

गेल्या दोन सुग्यांत पोतं पोचलं. पहिल्या वर्षी मी एस.टी.च्या टपावर टाकून नेलं. दुसऱ्या वर्षी, मी निघायच्या आधीच, भावानं स्वतःच्या गाडीवरून नेऊन टाकलं. मला त्यानं सांगितलं नाही. आपाच्या सुनेकडून कळलं.

विकलेल्या तुकड्यावर कंपाउंड झालंय. आत दोन गुंठे शाळू खरंच आहे, ठिबकवर. कणसं मोठी दिसतात. आमचा मालदांडी त्यामानानं बारीक. यंदा हस्ताचा पाऊस लांबला म्हणून पेरणी मागं पडली. पण उगवण चांगली आहे.